हडळ कोणी जन्माला घातली?

अकोला जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. नाल्यावर हडळ आहे म्हणून दिवे लागले की बाया तिकडे जात नाहीत, असं कळलं होतं. आम्ही नेहमीप्रमाणे सुरुवात केली. भूत नसतं, हडळ नसते, उलटी पावलं हे सगळं थोतांड आहे. मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ते हडळ-बिडळ काई नोती, बापा. माही जाऊ होती. बाळंतपनात गेली. रातभर कळा देत होती, गाडी भेटली नाई. आता तिच्याच नावानं पोरायले भेव दाखवतेत."

आमचं भाषण तिथंच अडलं.

लोकसमजुतीत हडळ कोण होते? गरोदरपणात किंवा बाळंतपणात मेलेली बाई. विहिरीवरच्या गोष्टीत बहुतेक वेळा जीव दिलेली सून असते. म्हणजे ज्या मरणाचा जाब सासरला, गावाला, सरकारी दवाखान्याला विचारायला हवा, त्या मरणाची आपण भूतकथा करून टाकतो. मेलेलीच गुन्हेगार ठरते आणि मारणारे ताईत बांधून सुरक्षित झोपतात. (पुरुषही भूत होतात, पण मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचेच. मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही!)

एम.ए.ला असताना आम्ही शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची 1892 सालची 'द यलो वॉलपेपर' ही कथा वाचली. डॉक्टर नवरा बाळंतीण बायकोला विश्रांतीच्या नावाखाली खोलीत ठेवतो, लिहू देत नाही. भिंतीवरच्या पिवळ्या कागदामागं तिला एक अडकलेली बाई दिसू लागते. या कथेत भय भुताचं नाही, प्रेमळ नवऱ्याचं आहे. तिच्या दहा वर्षं आधी, 1882 मध्ये, आपल्याच वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचं. लोक त्या विधवेला राक्षसीण ठरवत होते. ताराबाईंनी बोट तिच्यावरून काढून पुरुषांवर रोखलं. ही कथा नव्हे, निबंध आहे. पण भय कुठं राहतं हे त्यात अचूक सांगितलं आहे.

मराठी भयकथेनं मात्र ही वाट फारशी धरली नाही. नारायण धारप आम्हीही वाचनालयातून आणून रात्री जागून वाचले, त्यांच्या लेखणीची ताकद नाकारत नाही. पण त्यांच्या 'आजी' या कथेत भीतीचं मूळ कोण? अंथरुणाला खिळलेली म्हातारी. त्याच कथेतून पुढं 2018 चा 'तुंबाड' उगवला. बघणाऱ्यांना हस्तर आठवतो. एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर सरकारच्या वाड्यात राबणारी, केशवपन झालेली ती विधवा आई किती जणांना आठवते?

गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचा, असं काही मित्र म्हणतील. वाचू. पण डिसेंबर 2024 च्या शेवटी आमच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यात, सत्तरी ओलांडलेल्या एका आजीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, चटके दिले गेले, मूत्र पाजलं गेलं, धिंड काढली गेली. मारणाऱ्यांनी धारप वाचले नसतील. पण म्हातारी बाई म्हणजे संशय, ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून ऐकली असणार. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा मारहाणीनंतर येतो. गोष्ट मात्र आधीच पोहोचलेली असते.

आणखी एक बाब वाड्यातल्या भुतांवर लिहिणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. त्यांची नायिका घरात कोंडलेली असते. आमच्या आज्या-पणज्या कोंडल्या गेल्या त्या गावाबाहेर. वेशीपलीकडं, नाल्याकाठी, मसणवटीजवळ भुतं असतात असं गाव सांगायचं, आणि आमचे लोक पिढ्यानपिढ्या तिथंच राहत होते. तिन्हीसांजेला त्याच वाटेनं आमच्या बाया कामावरून परतायच्या. त्यांना भीती हडळीची नव्हती, वाटेत उभ्या राहणाऱ्या जित्या माणसांची होती. ती भयकथा अजून कोणी लिहिलेली नाही.

चूक आमच्याही चळवळीची आहे. हळदी-चुन्याच्या पाण्यानं रक्त काढून दाखवलं, लिंबातून केस काढला, टाळ्या मिळाल्या, की कार्यक्रम संपतो. हडळ नाही हे सिद्ध होतं, पण ती बाई मेली कशी हे कोणी विचारत नाही.

येत्या 25 डिसेंबरला, स्त्रीमुक्ती दिनी, आम्ही प्रयोगांचा वेळ अर्धा करणार आहोत. उरलेल्या वेळात प्रत्येक गावच्या विहिरीवरच्या, नाल्यावरच्या हडळीचं खरं नाव, वय आणि मरणाचं कारण बायांकडून वहीत लिहून घेऊ. त्या म्हातारीच्या जावेचं नाव पहिल्या पानावर लिहून झालं आहे. वय विचारलं तर म्हणाली, "असंन अठरा-एकोनीस."