बर्डीचा पत्ता

देवळं मोजणारा माणूस निराळा आणि देवाचं दर्शन घेणारा माणूस निराळा, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कुणी ते स्वतःला लावून घेत नाही, इतकंच. दोन दिवसांत अष्टविनायक उरकून आलेल्या गृहस्थाला विचारा, "लेण्याद्रीला काय पाहिलंत?" तो सांगेल, "पायऱ्या!"

हाच रोग आता गोल्फलाही जडला आहे. तिकडे त्याला 'गोल्फ ट्रेल' असं गोंडस नाव आहे. एखाद्या राज्यातली पाचपंचवीस मैदानं एका माळेत ओवायची, नकाशा छापायचा आणि बिचाऱ्या गोल्फरला म्हणायचं, निघा आता! लोक निघतात. मीही निघालो होतो. म्हणूनच अधिकारवाणीनं सांगतो, की ही यात्रा कुणी करू नये. माळेतला एक मणी उचलावा नि बाकीची माळ खुंटीला टांगून ठेवावी.

गोल्फ मी शिकलो तो साहेबांमुळे. साहेब दर रविवारी खेळत आणि त्यांना हरवणार नाही असा जोडीदार त्यांना हवा असे. ही पात्रता माझ्यात उपजतच होती. साहेब निवृत्त झाले, मी झालो, पण खेळ काही निवृत्त होईना.

आमचा जावई अमेरिकेत अलाबामा राज्यात हंट्सव्हिल या गावी असतो. गाव रॉकेटवाल्यांचं. मागे एका एप्रिलमध्ये मी नि सौ. तिकडे गेलो, आणि नेमके त्याच वेळी आमचे व्याहीही आले. व्याही बँकेतून निवृत्त झालेले. बायपास झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्यांनी गोल्फ धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी एक कागद पसरला. त्यावर रकाने आखलेले होते. बँकेतला माणूस रकाना आखू लागला की समोरच्यानं सावध व्हावं.

"अकरा ठिकाणं, आठ दिवस," व्याही म्हणाले. "घरचं मैदान शेवटी ठेवलंय. ते काय, केव्हाही होईल."

हा रॉबर्ट ट्रेंट जोन्स गोल्फ ट्रेल. १९९२ साली तो सुरू झाला. सुरुवात आठ ठिकाणी झाली (आठ म्हटल्याबरोबर माझा हात आपोआप जोडला गेला!), आता ठिकाणं अकरा आहेत, मैदानं सव्वीस नि होल ४६८. उत्तरेच्या हंट्सव्हिलपासून दक्षिणेच्या मोबीलपर्यंत साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते पणजी. जोन्स हे मैदानं आखणारे मोठे नावाजलेले गृहस्थ. गोल्फमध्ये बॉबी जोन्स म्हणून एक थोर खेळाडूही होऊन गेले, पण ते निराळे. जोन्स हे तिकडचे कुलकर्णी आहेत.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण ते पोकळ नाही. हा ट्रेल बांधला कुणी? कुणा अब्जाधीशानं नव्हे. अलाबामातल्या शिक्षकांच्या नि सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडानं! डेव्हिड ब्रॉनर नावाचे त्या फंडाचे प्रमुख होते. मैदानं काढली की प्रवासी येतील, उद्योगधंदे येतील, राज्याचं नाव होईल, असा त्यांचा हिशोब. आमच्या हिनं तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे 'पेन्शन' या शब्दाला ती देव्हाऱ्यातला शब्द समजते. हे ऐकून तिचा घास हातातच राहिला. "मास्तरांच्या पैशांत चेंडू टोलवताय? आणि ते चेंडू तळ्यात?"

"अहो विहीणबाई, आपण खेळायचे पैसे भरतो, त्यातून मास्तरांचा फंड भरतो," व्याहींनी समजूत घातली.

"मग टोलवा," ही म्हणाली. "भरपूर टोलवा."

दुसरी गोष्ट याहून मोठी. ही मैदानं सर्वांना खुली आहेत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गोल्फ म्हणजे क्लब, आणि क्लब म्हणजे मेंबर असावं लागतं, नाहीतर मेंबर असलेला मेव्हणा तरी. इथं फोन करा, पैसे भरा, खेळा. तुमचे वडील कोण, असं कुणी विचारत नाही. मला हे फार आवडलं. पण वाचकहो, ही सगळी कारणं ट्रेल बांधण्याची झाली. तो संपूर्ण पालथा घालण्याचं यातलं एकही कारण नाही. ग्रंथालय सर्वांना खुलं असतं, म्हणून कुणी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत कपाटं संपवायला बसतं का?

आता आमची यात्रा ऐका. पहिल्या दिवशी बर्मिंगहॅम. गाडी व्याही चालवत होते आणि शेजारी बसून मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच गावाजवळचं रॉस ब्रिज. हे २००५ सालचं, लांबी ८,१९१ यार्ड, म्हणजे साडेसात किलोमीटर, आणि तेही चेंडू सरळ गेला तर! माझा चेंडू ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं ते पंधरा तरी भरलं असतं. तिसऱ्या दिवशी प्रॅटव्हिल. तिथं तीन मैदानं आहेत. एकाचं नाव जज, दुसऱ्याचं लेजिस्लेटर, तिसऱ्याचं सिनेटर. आम्ही जजसाहेबांपुढे उभे राहिलो. पहिला फटका टेकाडावरून, खाली नदीचं पाणी पसरलेलं. माझे तीन चेंडू तिथंच जमा झाले. चौथ्या दिवशी ओपेलायका, पाचव्या दिवशी ग्रीनव्हिल.

मी एक हिशोब मांडला. मला एका डावात शंभरावर फटके लागतात. एका फटक्याला दोन सेकंद धरली, तर दिवसाकाठी खेळ झाला साडेतीन मिनिटांचा. बाकी वेळ मोटार, मोटेल, सामान काढणं, सामान भरणं आणि 'उद्या किती वाजता निघायचं' या विषयावरचा परिसंवाद.

आणि ग्रीनव्हिलच्या रात्री ती घटना घडली. मोटेलच्या खोलीत व्याही कागदावर पाचवी खूण करत होते. करता करता थांबले.

"अहो, माझी बर्डी कुठं झाली हो?"

बर्डी म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा एका फटक्यानं आधी चेंडू भोकात जाणं. भल्याभल्यांना ती रोज होते. व्याहींना बायपासनंतर पहिल्यांदाच झाली होती. ग्रीनवर त्यांनी टोपी काढून आभाळाकडे पाहिलं होतं, ते मला स्पष्ट आठवत होतं. पण कुठं?

"तळं होतं शेजारी," मी म्हणालो.

"तळं सगळीकडेच होतं."

"पाईनची झाडं होती."

व्याहींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. स्कोअरकार्ड शोधलं, तर ते आधीच्या कुठल्यातरी मोटेलच्या टेबलावर राहिलेलं. तिसऱ्या दिवशीच्या की चौथ्या, ते सांगता येईना. सत्तरीत आलेल्या माणसाला एक बर्डी होते आणि चोवीस किंवा फार तर अठ्ठेचाळीस तासांत तिचा पत्ता हरवतो! व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागदाची घडी घातली. "उद्या घरी जाऊ," म्हणाले.

ट्रेलचा खरा दोष हा आहे. एकाच नावाची, एकाच व्यवस्थेची, एकाच तालातली मैदानं रोज एक याप्रमाणे गिळली, की पोटात नुसता काला होतो. आणि गोल्फचं मैदान पहिल्या भेटीत बोलतच नाही. पहिल्या दिवशी ते तुमचे चेंडू घेतं, दुसऱ्या दिवशी आपले उतार दाखवतं, तिसऱ्या दिवशी कुठं तुम्हाला घरचा समजतं. ट्रेलवाला मात्र रोज पहिल्याच दिवशी असतो. रोज मुलगी पाहायला जायचं, कांदेपोहे खायचे नि लग्न कुणाशीच करायचं नाही, अशातली ही गत.

माझ्यावर विश्वास नसेल तर त्या दुसऱ्या जोन्सांना विचारा. १९२१ साली बॉबी जोन्स स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला ओपन स्पर्धा खेळायला गेले आणि इतके वैतागले, की अकराव्या होलवर चेंडू उचलून त्यांनी स्पर्धाच सोडली. ते तिथून ट्रेलवर पुढच्या गावी गेले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. ते परत आले. १९२७ साली त्याच मैदानावर त्यांनी ओपन जिंकली, आणि १९५८ साली त्या गावानं त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. मैदान तेच होतं. फक्त ओळख झाली होती.

आम्ही हंट्सव्हिलला परतलो आणि उरलेले दिवस घरचं हॅम्प्टन कोव्ह खेळलो. तिथल्या रिव्हर कोर्सवर वाळूचा एकही बंकर नाही. पूर्वी तिथं सोयाबीनची शेतं होती. तीन दिवस तेच मैदान! तिसऱ्या दिवशी व्याही ग्रीनवर वाकून म्हणाले, "हा डावीकडे जातो, काल फसवलंन यानं." बर्डी झाली नाही. पण आज त्यांना अर्ध्या रात्री उठवून विचारा, अठराच्या अठरा होल घडाघडा म्हणून दाखवतील.

परवा त्यांचा फोन आला. स्कॉटलंडचा नकाशा मिळालाय म्हणाले. नऊ मैदानं, सात दिवस. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "व्याहीबुवा, फक्त सेंट अँड्र्यूज. तिथं चिठ्ठ्या काढून नंबर लावतात. लागेल तेव्हा खेळू, नाही लागला तर कुंपणाशी उभं राहून बघू. सहा दिवस."

"आणि सातव्या दिवशी? सातवा दिवस रविवार येतो. रविवारी तिथं खेळ बंद असतो म्हणे. मग जवळपासचं एखादं..."

"रविवारी ते मैदान गावाला फिरायला मोकळं असतं. आपणही फिरू. डॉक्टरांनी तुम्हाला चालायलाच सांगितलं होतं ना?"

पलीकडून कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.