पाणी टाकलं, पण गेलं कुठे?

एप्रिल-मे आला की बेंगळुरूतल्या आम्हा मराठी मंडळींची गावाकडे निघायची तयारी सुरू होते. बेंगळुरू ते पुणे म्हणजे साधारण साडेआठशे किलोमीटर. तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा. निघण्याआधी टायरची हवा बघितली जाते, फास्टॅगमध्ये पैसे भरले जातात, चिवड्याचा डबाही भरला जातो. बॉनेट मात्र फारसं कुणी उघडत नाही. उघडलंच आणि कूलंटच्या टाकीत पातळी खाली दिसली, तर हाताशी असलेली पाण्याची बाटली ओतायची आणि निघायचं. माझं भांडण या सवयीशी आहे.

गाडीची कूलिंग सिस्टीम ही बंद यंत्रणा आहे. पेट्रोल-डिझेल जसं जळून संपतं तसं कूलंट संपत नाही. वर्षाकाठी पातळी किंचित हलली तर समजू शकतो, पण महिन्यात दोनदा भर घालावी लागत असेल तर ते कूलंट कुठेतरी जातंय. कुठे जातंय हे न शोधता वरून पाणी टाकणं म्हणजे ताप का आला हे न बघता रोज गोळी घेत राहणं.

थोडं शास्त्र बघू, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटवाटे बाहेर काढावी लागते. इंजिनाचं कामाचं तापमान नव्वद अंशांच्या आसपास असतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या सुमाराला उकळतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ते ८८ च्या आसपासच उकळतं. मग तिथे इंजिन चालतं कसं? तर त्या साध्या दिसणाऱ्या प्रेशर कॅपमुळे. कॅप आतला दाब साधारण एक बारने वाढवते आणि उकळबिंदू १२० अंशांच्या पुढे नेते. कॅपचं रबर कडक झालं किंवा होज पाइपला बारीक चीर पडली, की दाब टिकत नाही आणि हे सगळं गणित कोसळतं. म्हणजे गळतीत दोन गोष्टी जातात: कूलंट आणि दाब. बाटलीतलं पाणी कूलंटची जागा भरतं, दाब भरत नाही.

आता निदानाकडे येऊ. पहिला प्रश्न विचारायचा: गाडी कधी तापते? हेब्बाळ किंवा सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर आधी फॅन, त्याची मोटर, रिले आणि फ्यूज बघा. याउलट गावात ठीक आणि हायवेच्या चढावर तापते, तर रेडिएटर चोक झालेला असू शकतो, थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो, नाहीतर कूलंटच कमी असतं. सुरू केल्यावर पाच मिनिटांतच होज दगडासारखा कडक होत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. मागून पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाला चहाच्या सायीसारखा थर दिसला, तर गाडी तिथेच थांबवा.

दुसरा प्रश्न: खाली जे सांडलंय ते काय आहे? एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, त्याची काळजी नको. कूलंट गुलाबी, हिरवं किंवा निळं असतं, बोटाला चिकट लागतं, त्याला गोडसर वास येतो. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा ठेवला की सकाळी डाग कुठे पडला ते कळतं. शेजारच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून तेलकट धुकं, तर हीटर कोअर गळतोय.

आमच्या अकरा वर्षांच्या डिझेल गाडीच्या वेळी हेच केलं. एका गॅरेजने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, "रेडिएटर बदला." पाच आकडी एस्टिमेटही हातात दिलं. खाली थेंब दिसत नव्हता आणि ट्रॅफिकमध्ये काटा स्थिर होता. टाकीवर मार्करने रेघ मारून रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी बघितली. दहा दिवसांत बोटभर उतरली. ओळखीचे एक निवृत्त ईएमई हवालदार, मूळचे सांगलीकडचे, आता इथेच स्थायिक झालेत. ते म्हणाले, "साहेब, पाणी हवेत जात नसतं. प्रेशर टाकून बघू." हातपंपाने कॅपच्या दाबाइतकं प्रेशर टाकलं, पंधरा मिनिटांत काटा खाली आला. खालचं प्लास्टिकचं शील्ड काढलं तर आत गुलाबी डबकं. टायमिंग बेल्टचं कव्हर काढल्यावर वॉटर पंपाच्या छिद्राखाली वाळलेले ओघळ दिसले. रेडिएटर ठणठणीत होता.

यात पैसे वाचले हा मुद्दा लहान आहे. त्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो. कूलंटने भिजलेला बेल्ट चालत्या गाडीत तुटला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले असते आणि खंबाटकी घाटात, मागे ट्रक असताना, गाडी मुलाबाळांसह बंद पडली असती. नवा रेडिएटर बसवूनही हे टळलं नसतं. चुकीचं निदान म्हणूनच खर्चिक दुरुस्तीपेक्षा वाईट: ते खोटा दिलासा देतं.

रस्त्याकडेच्या मेकॅनिकला शिव्या देण्यात मात्र अर्थ नाही. आपण त्याच्यासमोर घड्याळ बघत उभे राहतो आणि दहा मिनिटांत गाडी मागतो. मग तो थर्मोस्टॅट काढून फेकतो. काटा खाली येतो, आपण खूश. पण इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, डिझेल जास्त पितं, झीज वाढते, आणि मूळ दोष तसाच राहतो. गळती बुजवणाऱ्या पावडरचंही तेच. ती भोक बुजवते आणि सोबत रेडिएटरच्या बारीक नळ्याही. आपण त्याला तासभर दिला आणि प्रेशर टेस्टचे वेगळे पैसे दिले, तर त्यालाही नीट काम करायला आवडतं. जेसी रोडवर सुटे भाग सगळे मिळतात, निदान मात्र तिथे कुठल्याच काउंटरवर विकत मिळत नाही.

नळाच्या पाण्याबद्दलही बोलायला हवं. बेंगळुरूला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणावं लागतं, आणि शहराचा बराच भाग बोअरवेलवर जगतो. २०२४ च्या मार्चमधली टंचाई आणि टँकरच्या रांगा आठवत असतील. हे बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इंजिनात बसतो. शिवाय साध्या पाण्यात गंजरोधक नसतं आणि थंडीत ते गोठतं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. लडाखला पोस्टिंग झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट, आणि मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटर. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट रंग बघून एकत्र करू नका.

सैन्यात एमटीची शिस्त सोपी आहे. फर्स्ट परेडला ड्रायव्हर गाडीभोवती फिरतो, ऑइल-पाणी बघतो, खाली वाकून गळती बघतो. वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. १५ ऑक्टोबर १९४३ पासून चालत आलेल्या ईएमई कोअरचं वर्कशॉप कितीही मोठं असो, इथलं ५१५ आर्मी बेस वर्कशॉप असो की पहाडातली एलएडी, पहिली खबर त्या ड्रायव्हरकडूनच यावी लागते. आणि ती तेव्हाच येते, जेव्हा "पाणी कमी होतंय" म्हणणाऱ्या जवानाला कुणी "मग टाक ना" असं झिडकारत नाही. टाकलेलं पाणी कुणी लिहून ठेवलं नाही, तर दहा दिवसांनी गाडी काफिल्यात बंद पडते आणि दोष त्या दिवशीच्या ड्रायव्हरवर जातो. हे घरालाही लागू आहे. ड्रायव्हरने किंवा मुलाने वाटेत पाणी भरलं तर ते सांगितलं पाहिजे, आणि सांगितल्यावर त्याला बोलणी बसता कामा नयेत.

कार कंपन्यांनाही एक सांगणं आहे. अनेक गाड्यांमधून तापमानाचा काटा गेला आणि फक्त लाल दिवा उरला. काटा चढताना दिसतो, चालकाला विचार करायला वेळ देतो. दिवा लागतो तेव्हा वेळ बहुतेक संपलेला असतो. स्क्रीनवर गाण्याचं नाव दाखवता येतं, तर इंजिनाचं तापमानही दाखवता येईल. माझ्या मते तो काटा प्रत्येक गाडीत सक्तीचा असावा.

वाटेत गाडी तापलीच तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, सुरक्षित जागी बाजूला, मग इंजिन बंद. गरम इंजिनाची कॅप उघडू नका. दाब सुटला की उकळतं कूलंट चेहऱ्यावर येतं. किमान अर्धा तास थांबा. इंजिनावर गार पाणी ओतू नका. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका. एथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी. गल्लीतलं कुत्रं ते चाटतं आणि मरतं. लहान मुलांनाही तेवढाच धोका.

आपल्यातले कित्येक जण निवृत्तीनंतर गावाकडे गाडी चालवतात, कुणी शाळेची बस चालवतात, कुणी छोटं गॅरेज टाकलंय. त्यांना माझी एवढीच विनंती: फर्स्ट परेड युनिटच्या गेटवर सोडून येऊ नका. टाकीवर मार्करची रेघ मारा, रोज सकाळी बघा, आणि पातळी उतरली तर पाणी टाकण्याआधी तारीख लिहा.