सहलीतले दुकान आणि थकलेले शरीर

गेल्या जानेवारीत रोह्याच्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. माझा मुख्य दवाखाना पेणला. आठवड्यातून दोन दिवस मी रोह्याला बसतो. या आजींना मी बारा वर्षे ओळखतो. वय एकाहत्तर, मधुमेह जुना पण आटोक्यातला, गुडघे दोन्ही दुखरे. त्या दिवशी चेहरा गोल आणि फुगलेला दिसत होता. उपाशीपोटीची साखर, जी वर्षानुवर्षे एकशे तीसच्या आसपास असे, ती दोनशे नव्वदवर गेली होती. रक्तदाबही वाढलेला. आजी मात्र खुशीत होत्या. "डॉक्टर, गुडघे अगदी हलके झालेत. जिना चढून आले."

गुडघेदुखी अचानक गायब होणे आणि त्याच सुमारास साखर वाढून चेहरा फुगणे, या जोडीचा अर्थ कोणत्याही डॉक्टरला चटकन उमगतो. "नवीन कोणते औषध घेता?" असे विचारले, तर उत्तर आले, "काही नाही." दुसऱ्यांदा विचारले, तरी तेच. सून औषधांच्या दुकानात गेली, तेव्हा आजींनी पिशवीतून सोनेरी लेबलाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मुलाला किंमत सांगू नका."

नोव्हेंबरात त्या ज्येष्ठांच्या गटाबरोबर थायलंडला गेल्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी बस एका 'आरोग्य केंद्रा'पाशी थांबली. आत थंडगार हवा, बसायला मऊ खुर्च्या, हातात गवती चहा. पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थाने आजींची नाडी पाहिली, गुडघा दाबला आणि वाटाड्यामार्फत सांगितले, की हाडांतले वंगण आटत आले आहे, सहा महिन्यांत चाकाची खुर्ची लागेल. इलाज म्हणजे तीन महिन्यांच्या कॅप्सूल, संपूर्ण वनस्पतींच्या, सवलत फक्त आजच्या दिवसापुरती. सात हजार बाथ, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये. मुलाने अडीअडचणीसाठी दिलेले कार्ड आजींनी पुढे केले.

याच आजी रोह्याच्या बाजारात सुकट घेताना पाच रुपयांसाठी दोनदा पाठ फिरवून निघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग तिथे त्या एक शब्दही का बोलल्या नाहीत?

पैशांचा किंवा अकलेचा हा प्रश्न नाही. रोह्याच्या बाजारात त्या स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या भाषेत, न्याहारी करून गेलेल्या असतात, आणि घर हाकेच्या अंतरावर असते. बँकॉकमधल्या त्या खुर्चीत यातले काहीच नव्हते. सकाळी सहाला उठून, दोन मंदिरे चालून, जेवणाची वेळ उलटल्यावर त्यांना तिथे आणले गेले होते. बसमध्ये स्वच्छतागृहाची सोय नाही, म्हणून सकाळपासून त्या जेमतेम पेलाभर पाणी प्यायल्या होत्या. ही सवय आपल्याकडच्या बहुतेक ज्येष्ठ स्त्रियांना असते आणि काही जणी तर रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळीही त्या दिवशी परस्पर टाळतात. पाणी कमी पडले की उतारवयात डोके जड होते, चक्कर येते, विचार मंदावतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण दोन तास लांबले, तर साखर उतरून घाम, थरथर आणि गोंधळलेपणा येतो. तो माणूस वरून शांत दिसतो, पण समोरच्याचे बोलणे त्याच्या डोक्यात शिरत नसते. अशा वेळी दुकानदार गोड सरबत हाती देतो, जिवाला बरे वाटते आणि त्या बरे वाटण्याचे श्रेय नकळत दुकानदाराला मिळते.

कानांचेही तसेच आहे. ज्यांना कमी ऐकू येते, ते गोंगाटाच्या खोलीत न समजलेल्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. घरच्यांना ही लकब ठाऊक असते, परक्या विक्रेत्याला तो होकार वाटतो किंवा तो तसा सोयीने धरून चालतो. मोतीबिंदू असलेल्याला यंत्रावरचे आकडे नीट दिसत नाहीत, आणि परदेशी चलनातली शून्ये तर चांगल्या डोळ्यांनाही चकवतात. व्हिएतनाममध्ये एक लाख डाँग म्हणजे आपले साडेतीनशे रुपयांच्या आसपास. तिथे एक शून्य जास्त वाचले गेले, तर साडेतीन हजार गेले.

या दुकानांत बस का थांबते, हे कोकणातल्या माणसाला फोड करून सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गावर खासगी बस अमुकच हॉटेलापाशी का उभी राहते आणि चालकाच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा फुकट का येतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. परदेशातला हिशोब तोच, आकडे तेवढे मोठे. सहल स्वस्तात विकायची आणि तूट दुकानांच्या दलालीतून भरून काढायची. चीनने 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू केलेल्या पर्यटन कायद्यात अवाजवी स्वस्त सहलींचे आमिष दाखवून खरेदीतून दलाली कमावण्यास मनाई केली. थायलंडने 2016 मध्ये अशा 'शून्य खर्चाच्या' सहलींविरुद्ध मोहीम उघडली. तिचा रोख मुख्यतः चिनी प्रवाशांच्या गटांवर होता. धंदा तरीही पुरता संपलेला नाही. (आपणही फार सोवळे नाही. गणपतीच्या दिवसांत पेणला मुंबईची गाडी दिसली की मूर्तीचा भाव कसा बदलतो, हे पेणकरांनी मला सांगू नये.)

बँकॉकमधला सर्वांत जुना सापळा बसच्याही बाहेर आहे. राजवाड्यापाशी एक नीटनेटका गृहस्थ अदबीने सांगतो, की आज धार्मिक कार्यक्रमामुळे राजवाडा बंद आहे. मग नाममात्र भाड्यात टुकटुक मिळते, एखाद्या लहान मंदिरात नेले जाते आणि शेवटी रत्नांच्या 'सरकारी' दुकानात, जिथे सवलतीचा आजच शेवटचा दिवस असतो. हे खडे मायदेशी दुप्पट किमतीला विकले जातील, असे आश्वासनही मिळते. एरवी राजवाडा रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत प्रवेशासाठी खुला असतो. बंद असल्याचे दारावरच्या कर्मचाऱ्याकडून कळले तरच खरे मानावे. तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे. पासपोर्टच्या आवरणात तो चिठ्ठीवर लिहून ठेवावा.

रत्ने, गालिचे, उशा यांत पैसे जातात. वाईट वाटते, पण माणूस सावरतो. औषधाचे तसे नाही. आजींच्या कॅप्सूल मी प्रयोगशाळेत तपासून घेतल्या नाहीत, म्हणून त्यांत काय होते ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल अगदी तळाला गेलेले होते. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले, की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात, आणि चित्र नेमके तसेच होते. 'वनस्पतीजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत स्टेरॉइड मिसळण्याचा प्रकार आग्नेय आशियात जुना आहे, आपल्याकडच्या काही पुड्यांतही तो सापडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये 'आर्ट्री किंग' नावाच्या अशाच पूरक गोळ्यांबाबत इशारा दिला होता. लेबलावर उल्लेख नसलेले डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक त्यांत आढळले होते. डेक्सामेथासोनने साखर आणि रक्तदाब वाढतो. डायक्लोफेनॅक उतारवयात मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करू शकते.

सून परत आली. बाटली पाहून तिला धक्का बसला. "आई, आत्ताच्या आत्ता फेकून द्या ती!" मी तिला थांबवले. ही सूचना वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. काही आठवडे घेतलेले असे औषध घरच्या घरी एकाएकी बंद केले, तर निजलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. प्रचंड अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणे आणि प्रसंगी जिवावर बेतणे असे परिणाम होतात. बाटली डॉक्टरकडे आणावी आणि ते सांगतील त्या क्रमाने पुढे जावे. आजींना मी अलिबागच्या फिजिशियनकडे पाठवले. त्यांनी कॅप्सूलऐवजी ठाऊक असलेल्या मात्रेत स्टेरॉइडची गोळी सुरू करून ती हळूहळू उतरवली. पूर्ण बंद व्हायला अकरा आठवडे लागले. गुडघे पुन्हा दुखू लागले, हेही सांगायला हवे.

पण मला अस्वस्थ केले ते त्या सात आठवड्यांनी. एवढा काळ आजी घरात चोरून औषध घेत राहिल्या. चेहरा सुजला, रात्री झोप उडाली, तहान वाढली, तरी बोलल्या नाहीत, कारण किंमत कळली तर मुलगा रागावेल. त्यापूर्वीच्या एका सहलीत घेतलेल्या उशीवरून घरात चार दिवस हसू झाले होते. "आईला कोणीही गंडवतं," हे वाक्य मुलाने थट्टेत उच्चारले होते. त्याला ते आठवतही नव्हते.

म्हणून माझे निम्मे सांगणे ज्येष्ठांच्या मुलांना आणि सुनांना आहे. आईवडील सहलीहून आले, की खाऊ आणि छायाचित्रांबरोबर "तिकडे काही औषध, तेल, चूर्ण घेतलंत का?" हेही सहज विचारावे आणि उत्तर मिळाल्यावर किमतीचा विषय काढू नये. निघण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका एकत्र बसून वाचावी. 'रत्न प्रदर्शन', 'आरोग्य केंद्र', 'कारखान्यास भेट' ही नावे दिसली, की ती दुकाने आहेत असे समजावे आणि ती टाळून बसमध्ये किंवा बाहेर बसता येईल का, हे कंपनीला आधीच लेखी विचारावे. परदेशी व्यवहारांसाठी कार्ड सुरू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आहे. आईच्या कार्डावर रोजची मर्यादा लहान ठेवावी, आणि ती तिला विश्वासात घेऊनच ठेवावी.

ज्येष्ठांनी स्वतः काय करावे? दुकानात शिरण्यापूर्वी पाणी प्यावे, पिशवीतला लाडू किंवा केळे खावे, स्वच्छतागृहात जाऊन यावे. कानाचे यंत्र आणि चष्मा लावलेला असावा. खुर्ची आणि सरबत घेण्यात गैर काही नाही. त्या मोबदल्यात आपण काही देणे लागत नाही. वाटाड्याचे तोंड उतरले, तर उतरू द्यावे. कार्डाच्या यंत्राने "रुपयांत की स्थानिक चलनात" असे विचारले, तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांत केलेले रूपांतर बहुधा महाग पडते. दुबईत सोने घेणाऱ्यांनी दिवसाचा भाव फलकावर पाहावा आणि घासाघीस मजुरीवर करावी, तिथे तीच रीत आहे. आणि नाडी पाहून कोणी आजार सांगू लागला, तर उठावे. "माझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही घेत नाही," एवढे म्हणावे. दहा वेळा आग्रह झाला, तर दहा वेळा तेच वाक्य म्हणावे. त्यासाठी माझे नाव खुशाल पुढे करा. मी कडक आहे, विक्षिप्त आहे, रागावतो, काय वाटेल ते सांगा.

फसवणूक झालीच, तर पावती, लेबल आणि बाटलीची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि बँकेला त्याच दिवशी कळवावे, जरी स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार परत मिळवणे अवघड असले तरी. परदेशी दुकानदारापर्यंत आपला हात सहसा पोहोचत नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या दुकानांत नेऊन तासन्‌तास अडकवून ठेवले असेल, तर सहल कंपनीची सेवा इथली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्यासाठी अलिबागच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

आजींनी मुलाला किंमत अखेर स्वतःच सांगितली, तीही माझ्या दवाखान्यात, मी समोर असताना. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई, तेव्हा तू जेवली होतीस का?"