सूड संपला, गुलामी उरली

रिडली स्कॉट यांच्या ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या चित्रपटात सेनापतीचा गुलाम झालेला मॅक्सिमस बायको-मुलाच्या खुनाचा सूड घेतो. भर आखाड्यात तो सम्राट कोमोडसला ठार करतो, सत्ता सिनेटकडे सोपवावी असे मरता मरता सांगतो आणि प्रेक्षक सुखावतो.

इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. इ.स. १९२ मध्ये कटवाल्यांनी नार्सिसस नावाच्या मल्लाकरवी कोमोडसचा गळा आवळला. पुढच्याच वर्षी शाही रक्षकांनी सिंहासनाचा चक्क लिलाव केला. लोकांचे राज्य आले नाही आणि गुलामाला मालकाची मालमत्ता ठरविणारा रोमन कायदाही कायम राहिला. जुलमी मेला म्हणून जुलूम मरत नाही. तो ज्या कायद्यावर पोसला जातो, तो कायदाच मोडावा लागतो.