मातीविना बाग : आधार कशाचा?

मातीशिवाय रोप वाढते का? हो, वाढते. पाण्यात विरघळलेली खते मुळांना मिळाली, की रोपाची भूक भागते. पण उभे राहायला त्याला आधार हवाच. तो कोणता निवडावा, याविषयी माझे मत सांगतो.

कोणी म्हणेल, "लोणंद तर कांद्याच्या बाजारपेठेचे गाव! इथे मातीला काय तोटा?" खरे आहे. शेताला मातीच हवी. पण गच्चीवर मातीचे ओझे फार होते. शिवाय हा कमी पावसाचा भाग. मातीविना बागेत खाली निथळलेले पाणी पुन्हा वापरता येते.

आधाराची कामे तीन : मुळांना धरणे, ओल राखणे आणि मुळांना हवा देणे. तिसरे काम आपण विसरतो. नुसती बारीक वाळू पाण्याने गच्च होते. हवा कोंडते आणि मुळे सडतात. नुसती खडी हवा देते, पण ओल धरत नाही. उन्हाळ्यात पाणी द्यायचे राहिले, की रोपे माना टाकतात.

बाजारात रॉकवूल मिळते. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात. ते चांगले असते, पण वापरून झाल्यावर कुजत नाही. त्याचा कचराच उरतो. मग ते कशाला आणावे? नारळाच्या काथ्याचा भुसा ओल धरतो, विटांचे तुकडे हवा खेळती ठेवतात. दोन्ही निम्मे-निम्मे घ्यावेत, असे माझे मत आहे. 1946 साली शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँग येथे असे प्रयोग सुरू केले. त्यांचाही भर खडी, वाळू अशा जवळच मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवर होता.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. भुशात क्षार असतात. तो दोन-तीन वेळा गोड्या पाण्याने धुवा. विटांना चुना किंवा सिमेंट लागलेले नसावे. शंका आली, तर तुकड्यावर लिंबू पिळा. फेस आला, तर तो तुकडा टाकून द्या. चुन्यामुळे पाण्याचा गुण बदलतो आणि रोपाला काही खते घेता येत नाहीत.

तळाला भोके असलेल्या एका जुन्या डब्यात आधी मेथी लावून पाहा. माझे म्हणणे पटले की नाही, ते तिची मुळेच तुम्हांला सांगतील.