कंटेनर चालू, साइट बंद

माझा एक जुना विद्यार्थी वेब डेव्हलपमेंटचा कोर्स अर्ध्यावर सोडायला निघाला होता. म्हणाला, ‘सर, डॉकरचा कंटेनर चालू दिसतो, पण साइट उघडत नाही. आपल्याला नाही जमायचं.’

माझ्या मते त्याला कोडिंग येत होतं, एरर वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. फी मागताना कोर्सवाल्यांना मराठी, उर्दू दोन्ही येतात. एरर समजावताना मात्र फक्त इंग्रजी.

आम्ही बसलो. ब्राउझर म्हणत होता, पत्ता सापडत नाही. म्हणजे गोष्ट कंटेनरपर्यंत पोहोचलीच नव्हती. डॉट टेस्टने संपणारी नावं १९९९ पासून चाचणीसाठी राखीव आहेत; इंटरनेटवर ती सापडणारच नाहीत. नाव आपल्याच मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.०.१ पुढे लिहावं लागतं. डॉकर ते आपोआप लिहीत नाही. माहुलच्या मुलाला हे लगेच कळतं. तानसा पाइपलाइनवरून लोक इथल्या इमारतींत आले, म्हणून रेशनकार्डावरचा पत्ता आपोआप बदलला का?

ओळ लिहिली, तर नवी एरर: कनेक्शन नाकारलं. तो हिरमुसला, मी खूश! घर सापडलं होतं, दार बंद होतं. कंपोज फाइलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बाहेर दिलेलाच नव्हता. तो दिला आणि पान उघडलं.

मग डेटाबेस रुसला. कंटेनरच्या आत ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतःच. तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव हवं. हे त्याने एकट्याने शोधलं. मी तेव्हा नमाजला गेलो होतो.