पैसे मोजून घेतलेले कोष्टक

जमाखर्च : हिशेबनीस

झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच टाकून न देता, त्यात नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस घरीच पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत फार दिवसांपासून रूढ आहे. आणि कोणत्या गोळीमागे कोणती दारू किती ग्रेन घालावी हे सांगणारी कोष्टके, जी या छंदाचा खरा आधार, ती आता आंतरजालावर वर्गणी घेऊन पुरविली जात असल्याने, ही वर्गणी भरावी की नाही हा प्रश्न निकालात काढणे अगत्याचे आहे. पौंडाचे ७,००० ग्रेन होतात. त्यांतल्या दोनचारांची गफलत रायफलीस आणि प्रसंगी तिच्या मालकासही भोवते.

वास्तविक हॉजडन, अलायंट यांसारख्या दारूविक्या कंपन्या आपली कोष्टके विनामूल्य देतात. त्यात परोपकार शोधू नये. कोष्टकावाचून दारूचा डबा घेणार कोण? शिवाय आजच्या मालाची चाचणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झालेली असते.

मग वर्गणीदारास मिळते काय? मुख्यतः जुने दप्तर. १९६६ साली सुरू झालेल्या ‘हँडलोडर’ मासिकातील मजकुरासारखा ऐवज एके ठिकाणी, हवा तेव्हा सापडावा, ही सोय मी कमी लेखत नाही. परंतु जुने दप्तर वाचण्यास जुने ज्ञानही लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारी शिल्लक दारू घेऊन विकली, तीत ४८३१ या क्रमांकाची एक होती. पुढे १९७०च्या दशकात ड्यू पॉन्टने त्याच क्रमांकाची, पण अधिक त्वरेने जळणारी दारू बाजारात आणली, आणि तेव्हापासून आकड्याआधी हॉजडनचे एच आहे की ड्यू पॉन्टचे आयएमआर हे न पाहता नुसता ४८३१ हा आकडा उतरवून घेणे म्हणजे आपत्तीस आमंत्रण ठरले. दाबाच्या नोंदींचीही हीच कथा : .३०-०६ या काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याचे नळकांडे चेपून मोजण्याच्या जुन्या पद्धतीत ५०,००० आहे, तर विद्युत्-संवेदकाच्या नव्या पद्धतीत ६०,००० पीएसआय. काडतूस तेच, मापे भिन्न. संकलकाने एकक, नळीची लांबी आणि मूळ आधार दिला नसेल, तर ते कोष्टक फुकट मिळाले तरी घेऊ नये. (अमुक वेग नक्की मिळेल अशी हमी देणाऱ्यापासून तर दोन हात दूरच राहावे.)

तेव्हा ज्याच्यापाशी .२५७ रॉबर्ट्ससारखी, १९३४ सालच्या काडतुसाची, आजोबांकडून आलेली रायफल आहे आणि फुकटच्या यादीत ज्याचा निभाव लागत नाही, त्याने एक वर्षाची वर्गणी खुशाल भरावी, मात्र मिळालेला आकडा चालू छापील ग्रंथाशी ताडून पाहावा आणि कमाल मात्रेपासून नव्हे, तर आरंभीच्या मात्रेपासूनच सुरुवात करावी. .३०८ किंवा .२२३ ही सर्रास चालणारी काडतुसे भरणाऱ्याने वर्गणीपायी एक छदामही खर्चू नये. त्या पैशांत लायमनचा छापील ग्रंथ आणि तराजू तपासण्याची वजने घ्यावीत.